मोटर जप्त करून पाणी शुद्ध होत नाही

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरी नळाला ठरावीक वेळीच पाणी येतं त्यांनी वाचावी. म्हणजे महाराष्ट्रातल्या जवळजवळ सगळ्यांनीच.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत काविळीचे नऊ रुग्ण निघाले. त्यातली एक शेजारच्या काकूंची मुलगी, सातवा महिना लागलेली, बाळंतपणाला माहेरी आलेली. अकरा दिवस दवाखान्यात होती. ती आणि बाळ दोघंही सुखरूप आहेत हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. पण दूषित पाण्यातून येणारी हेपेटायटिस ई ही कावीळ शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला झाली, तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. डॉक्टरांनी हे काकूंना सांगितलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

बोंबाबोंब झाल्यावर पाणीपुरवठ्याची माणसं आली. नमुने घेतले. आठ दिवसांनी अहवाल आला, पाणी पिण्यास योग्य. मग दुसरं पथक आलं. त्यानं थेट नळाला लावलेल्या चार मोटरी जप्त केल्या, टेम्पोत टाकल्या, टेम्पोसमोर फोटो काढले. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, पाणीचोरांवर धडक कारवाई.

त्या चार मोटरींतली एक आमची होती. त्यामुळे हे मी कुठल्या उंच जागेवर बसून लिहीत नाहीये.

पण त्या मोटरीनं पाणी कसं नासवलं आणि ती जप्त केल्यानं ते का सुधारलं नाही, हे गल्लीत कुणालाच नीट माहीत नव्हतं. पथकालाही सांगता आलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की तुम्ही दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढता. ते खरंच आहे. पण दुसऱ्याच्या वाट्याच्या पाण्याबरोबर दुसऱ्याच्या संडासातलंही आपण ओढतो, ते कुणी बोललं नाही. ते समजावलं एका निवृत्त चावीवाल्यानं, ज्यानं तीस वर्षं आमच्या भागाचे व्हॉल्व्ह फिरवले.

गोष्ट साधी आहे. जमिनीखालच्या जलवाहिनीला भोकं असतातच. जुने सांधे, गंजलेल्या फेरूल, कुणीतरी केबल टाकताना मारलेला कुदळीचा घाव. पाइपात दाब असेल तर या भोकांतून पाणी बाहेर जातं. ती गळती, नुकसान पैशाचं. पण दाब गेला की तीच भोकं उलटं काम करतात. पाइप रिकामा होताना आत पोकळी तयार होते आणि ती भरायला बाहेरचं जे काही असेल ते आत येतं. बाहेर कोरडी माती असली तर हवा येते. बाहेर फुटलेलं ड्रेनेज, तुंबलेलं गटार, पावसाचं साचलेलं पाणी असलं तर तेच येतं. आणि आपल्याकडे दाब रोज जातो. अपघातानं नाही, वेळापत्रकानं. सकाळी सहा ते सात पाणी, मग उरलेले तेवीस तास पाइप रिकामा किंवा अर्धवट भरलेला. जिथं दिवसाआड पाणी येतं तिथं सत्तेचाळीस तास. छत्रपती संभाजीनगरात वर्षानुवर्षं आठवड्यातून एकदा किंवा त्याहून उशिरा पाणी आलंय, मनमाडनं उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांची वाट बघितलीय. तिथल्या पाइपांचा जास्तीचा काळ पाणी वाहण्यात जात नाही, बाहेरचं आत झिरपण्यात जातो.

आता यात आमची मोटर कुठं बसते बघा. पाणी आल्यावर दाब कमी असतो म्हणून आपण अर्ध्या एचपीची टुल्लू लावतो. मोटरीला पाणी कुठून आलं याच्याशी देणंघेणं नसतं. नळातून पुरेसं येत नसलं की ती पाइपातला उरलासुरला दाबही संपवते आणि मग वाटेतल्या प्रत्येक भोकातून ओढायला लागते. आमच्या गल्लीत पाच-सहा घरांचे नळजोड गटारातून गेलेत. गटाराच्या बाजूनं नाही, गटारातून. तुमच्याही गल्लीत असतील, उद्या सकाळी बघा. काळ्या पाण्यात बुडालेले, शेवाळ आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेले अर्ध्या इंची जीआय पाइप. त्यातला एक थ्रेडजवळ कुजला होता. चावीवाल्यानं पाणी सुरू असताना शेजारची मोटर चालू करायला लावली आणि त्या जागी बोट धरायला सांगितलं. बोट ओढलं जात होतं. मोटर बंद केल्यावर त्याच जागेतून पाणी बाहेर उडायला लागलं. बस्स, मला दुसरा पुरावा नको होता.

मोटर हा फक्त एक प्रकार झाला. पाणी उलटं फिरण्याच्या बाकीच्या जागा आपण रोज बघतो आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

खड्ड्यातला नळ घ्या. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातल्या लोकांना सांगायला नको. ओट्यावर पाणी चढत नाही म्हणून नळ खाली खाली नेत शेवटी दारापुढं दोन-तीन फूट खड्डा खणतात, तोटी काढून टाकतात आणि वाटीनं, तांब्यानं पाणी उपसून हंडे भरतात. तिथंच भांडी, तिथंच पाय धुणं, तिथंच लहान पोराला धुणं. पाणी यायचं थांबतं तेव्हा खड्डा अर्धा भरलेला असतो आणि पाइपाचं उघडं तोंड त्या पाण्यात बुडालेलं असतं. वर उताराला जलवाहिनी रिकामी होत जाते आणि खड्ड्यातलं पाणी पाइपातून परत आत जातं. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या धारेबरोबर कुणाच्या तरी हंड्यात येतं. आपल्याच नाही, खालच्या गल्लीतल्या. पहिलं गढूळ पाणी सोडून द्यायची आपल्या आया-आज्यांची सवय उगाच नव्हती. पण तासभर पाणी येणार असेल आणि रांगेत दहा हंडे असतील तर पहिली पाच मिनिटं कोण सोडून देईल?

नळी बादलीत किंवा टाकीत बुडवून ठेवणं हीही तीच गोष्ट. नळाला लावलेली नळी टाकीच्या तळापर्यंत सोडलेली, कारण वरून पडलं की आवाज होतो आणि पाणी उडतं. पाइपातला दाब गेला की ती नळी सायफन होते. पेट्रोल काढायला नळी तोंडानं ओढतात ना, तेच, फक्त इथं ओढणारी जलवाहिनी. टाकीतलं पाणी एकवेळ परवडलं. गावाकडं फवारणीचा ड्रम थेट नळाची नळी टाकून भरतात. ड्रममध्ये औषध आधीच ओतलेलं असतं, वर पाणी सोडलं की ढवळायला लागत नाही म्हणून. अशा वेळी वीज गेली आणि पंप बंद पडला तर ते औषध कुठं जाईल याचा विचार करा. शहरातले लोक हसतील, पण त्यांच्या संडासात जेट स्प्रे बादलीत टाकून ठेवलेला असतोच.

मोठ्या सोसायट्यांचं वेगळंच. कॉर्पोरेशनची लाइन, बोअर, टँकर आणि आता एसटीपीचं फ्लशसाठी फिरवलेलं पाणी, चार प्रकारचं पाणी एका इमारतीत. बोअरची लाइन आणि पिण्याची लाइन एका ठिकाणी जोडून मध्ये एक व्हॉल्व्ह बसवून ठेवतात, गरजेला असू दे म्हणून. तो व्हॉल्व्ह पाच वर्षांनी गळायला लागतो हे कुणाच्या गावी नसतं. एसटीपीचा पाइप आणि पिण्याचा पाइप एकाच रंगाचा असेल तर नवीन प्लंबर एक दिवस चुकीच्या पाइपाला टी मारणारच.

हे कुणाला अतिशयोक्ती वाटत असेल तर इतिहास बघा. १९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. बाहेरगावचे लोक हॉटेलांत उतरले, घरी गेले आणि वेगवेगळ्या शहरांत अमिबाच्या आमांशानं आजारी पडले. चौदाशेच्या आसपास रुग्ण, ९८ मृत्यू. शोध घेतल्यावर दोन हॉटेलं सापडली, जिथं जुन्या सदोष प्लंबिंगमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात जात होतं. १९६९ साली अमेरिकेतच मॅसॅच्युसेट्समधल्या होली क्रॉस कॉलेजच्या फुटबॉल संघातल्या ९७ पैकी ९० जणांना काविळीची लागण झाली. उरलेला सगळा हंगाम रद्द. कारण काय, तर त्या भागात आग लागली होती, अग्निशमनवाल्यांनी जलवाहिनीतून जोरात पाणी उपसलं, दाब पडला आणि मैदानाजवळच्या जमिनीत पुरलेल्या पाण्याच्या जोडाच्या खड्ड्यातलं घाण पाणी पिण्याच्या नळात ओढलं गेलं. त्या खड्ड्यापाशी कावीळ झालेली मुलं खेळायची. चोवीस तास पाणी असलेल्या देशात, दाब एकदाच पडला, तर हे झालं. आपल्याकडे रोज आग लागल्यासारखा दाब पडतो.

यानंतर तिकडं नियम कडक झाले. पाणी उलटं जाऊ शकेल अशा प्रत्येक जोडावर उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह, दवाखाने-कारखान्यांत त्याची दरवर्षी तपासणी, आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे हवेची फट. टाकीत पाणी सोडणारं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर ठेवायचं, पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट, निदान इंचभर. एक इंच मोकळी हवा. तिला ना वीज लागते, ना दुरुस्ती, ती कधी अडकत नाही. आपल्याही बांधकामाच्या संहितांत हे लिहिलेलं आहे. वाचतं कोण?

आपल्या देशातलं मोठं उदाहरण दिल्लीचं. १९५५च्या शेवटी यमुनेचं पात्र सरकलं आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी उलट दिशेनं वझिराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आलं. पुढच्या दोनेक महिन्यांत दिल्लीत काविळीचे २९ हजारांवर रुग्ण. यातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. पाणी घाण येतंय हे तिथल्या अभियंत्यांना कळलं होतं, त्यांनी क्लोरीन वाढवलं, तुरटी वाढवली. त्यामुळे टायफॉइड आणि हगवण आटोक्यात राहिली. कावीळ राहिली नाही. साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून पुढं कळलं की तो हेपेटायटिस ई होता. म्हणजे टीसीएल पावडर टाकली की झालं, हा जो आपल्या कार्यालयांतला समज आहे तो सत्तर वर्षांपूर्वीच खोटा ठरलाय.

आणि आत्ता आत्ता, डिसेंबर २०२५च्या अखेरीस इंदूरचं भागीरथपुरा. स्वच्छ सर्वेक्षणात सलग आठ वेळा पहिलं आलेलं शहर. तिथल्या पोलीस चौकीजवळ मुख्य जलवाहिनीवरच शौचालय बांधलेलं, खाली गळती, मैला पाण्यात. शेकडो लोक आजारी पडले, माणसं मेली. किती मेली यावर सरकार आणि वस्ती यांचं एकमत नव्हतं. मला इंदूरला नावं ठेवायची नाहीत. रस्ता झाडलेला दिसतो, त्याला गुण मिळतात. जमिनीखालचा पाइप दिसत नाही आणि त्याचं सर्वेक्षण कुणी करत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही शहराच्या जुन्या भागात जलवाहिनी आणि ड्रेनेज एकमेकांवर कुठं कुठं आडवे गेलेत याचा नकाशा मागून बघा. नकाशा असतो चावीवाल्याच्या डोक्यात, आणि तो निवृत्त होतो.

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे रुग्ण वाढले तेव्हाही चर्चा पाण्याशी येऊन थांबली. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला. तिथं प्रश्न मुख्यतः शुद्धीकरणाशिवाय दिलेल्या विहिरीच्या पाण्याचा होता, उलट्या प्रवाहाचा नव्हे, म्हणून ते प्रकरण इथं ओढत नाही. पण त्या वेळी जे झालं तेच आमच्या गल्लीत झालं. माणसं आजारी पडल्यावर नमुने घेतले गेले.

या नमुन्यांबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण सगळी फसवणूक इथं आहे, आणि ती कुणी मुद्दाम करतं असंही नाही. हेपेटायटिस ईचा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते दहा आठवडे लागतात. म्हणजे आज रुग्ण सापडला तर त्यानं घाण पाणी गेल्या महिन्यात किंवा त्याच्याही आधी प्यायलं. उलट्या प्रवाहानं येणारी घाण काही मिनिटांची असते. पाणी आल्याची पहिली पाच-दहा मिनिटं, किंवा जेव्हा तीन मोटरी एकदम चालू होतात तेवढा वेळ. पथक सकाळी साडेदहाला येतं, पाणी चांगलं अर्धा तास वाहिल्यावर, तेही पाणी सुटायची वेळ बदलून आपल्या सोयीनं. बाटली भरून नेतं. पाणी योग्य. अहवाल खरा असतो. फक्त तो दुसऱ्याच पाण्याचा असतो.

कर्नाटकात हुबळी-धारवाडला यावर नीट काम झालंय. २००८च्या सुमारास तिथल्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं, बाकी शहरात काही दिवसांनी एकदाच येत राहिलं. धरण तेच, शुद्धीकरण तेच. बर्कलीच्या संशोधकांनी दोन्हीकडचे नळाचे नमुने वर्षभर तपासले. चोवीस तासवाल्या भागात मैल्यातला ई कोलाय जिवाणू शंभरात एकाहूनही कमी नमुन्यांत सापडला. थांबून थांबून पाणी येणाऱ्या भागात शंभरातल्या तीसेक नमुन्यांत. पहिल्या धारेत आणि दाब कमी असताना सगळ्यात जास्त. नंतरच्या अभ्यासात तिथं टायफॉइडही बराच कमी दिसला. लहान मुलांच्या एकूण जुलाबांत मात्र फरक पडला नाही, कारण जुलाबाला पाण्याखेरीज शंभर वाटा आहेत. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर चोवीस तास पाणी म्हणजे जादूची कांडी असं लोक समजतील. पण एकच पाणी, एकच केंद्र, आणि फरक फक्त पाइपात दाब राहतो की नाही याचा. यापेक्षा स्वच्छ पुरावा आणखी काय हवा?

म्हणून माझं म्हणणं आहे की मोटर जप्तीची कारवाई हा देखावा आहे. मोटर चूकच. मी लावली ती चूकच होती. पण मोटर हे दाब नसल्याचं लक्षण आहे. ज्यांच्याकडं जमिनीखाली टाकी बांधायला जागा आणि पैसा आहे त्यांना मोटर नळाला लावावीच लागत नाही. त्यांची टाकी जमिनीच्या चार-पाच फूट खाली असते, पाणी आपसूक तिकडं पळतं, मग मोटर टाकीवर. कायदेशीर. त्या एका मोठ्या टाकीचं दोन इंची कनेक्शन उघडलं की चढावरच्या वीस घरांचा दाब बसतो. त्या वीस घरांतल्या चौघांनी टुल्लू घेतली की ते पाणीचोर. टेम्पोत टुल्लू जाते, टाकी जागेवर राहते. आणि दुसऱ्या आठवड्यात चौघंही दीड-दोन हजारांची नवी टुल्लू आणतात, या वेळी पोत्याखाली झाकून. आमच्या गल्लीत हेच झालं. मी आणली नाही. घरात त्यावरून रोज बोलणी खातो, तो भाग वेगळा.

लगेच प्रश्न येणार, धरणातच पाणी नाही तर चोवीस तास कुठून देणार? हा प्रश्न मी स्वतः वीस वर्षं विचारत होतो. पण बघा ना, एक तास पाणी येतं म्हणून आपण कमी वापरतो का? आपण घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी ताजं पाणी आलं की कालचं शिळं म्हणून मोरीत ओततो. खड्ड्यातल्या नळाला तोटी नसते, पाणी संपेपर्यंत वाहत राहतं. टाकी भरून वाहते. मीटर नाही, वर्षाची ठोक पाणीपट्टी, मग तोटी कशाला बंद करायची? सातारा जिल्ह्यात कराडशेजारच्या मलकापूरसारख्या छोट्या गावानं मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. ओडिशातल्या पुरीत २०२१ पासून नळाचं पाणी थेट प्यायला देतात. दोन्ही काही सिंगापूर नाहीत. पुण्याची समान पाणीपुरवठा योजना वर्षानुवर्षं चाललीय, टाक्या झाल्या, मीटर बसले, आणि मीटरवर बिल काढायचा विषय निघाला की सगळे पक्ष एका सुरात गप्प. मीटरला विरोध करणारा नगरसेवक गरिबाचा कैवारी दिसतो. पण विकतचा वीस लिटरचा जार गरीबच घेतो आणि कावीळ झाल्यावर मजुरीचे दोन महिने गरिबाचेच बुडतात.

चोवीस तास उद्या होणार नाही हे मलाही कळतं. तोवर करण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं बहुतेक स्वस्त आहे. गटारातून गेलेले नळजोड काढून बाजूनं, वरून घेणं हे पहिलं. जलवाहिनी बदलायला कोटी लागतात, हे काम वॉर्डाच्या दुरुस्तीच्या पैशात होतं. घरमालकांना नोटिसा पाठवत बसू नका, पालिकेनं स्वतः करावं आणि पाणीपट्टीत हप्त्यानं वसूल करावं. दुसरं, शेवटच्या टोकाच्या नळावर, पाणी आल्याआल्या आणि नंतर अर्ध्या तासानं, क्लोरीन मोजा. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी उरलं पाहिजे असं मानक आहे. पहिल्या धारेत शून्य आणि नंतर ठीक असेल तर मध्ये कुठंतरी घाण आत येतेय हे आपोआप कळतं, त्याला प्रयोगशाळा लागत नाही. ओटीचं द्रावण आणि क्लोरोस्कोप ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडंही असतो. खेड्यात ग्रामपंचायतीला पाण्यासाठी लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतात. शहरातल्या वॉर्डाला का नाही? ते आकडे रोज वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर लिहा. तिसरं, आमच्या गल्लीच्या टोकाला दाब किती येतो हे मोजून दाखवा. दहा मीटर उंच चढण्याइतका दाब म्हणजे साधारण एक किलो. तेवढाही कुठं येत नाही ते एकदा लेखी मान्य करा, मग मोटरीवर बोलू. आणि दुरुस्तीसाठी लाइन बंद ठेवली की परत सुरू करताना टोकाचा वॉशआउट उघडून पहिलं पाणी सोडून द्या, लोकांना तसं सांगा. हे चावीवाल्यांना येतं. त्यांना माणसं आणि वेळ द्या.

आपल्या बाजूचंही सांगतो. खालच्या टाकीत सोडलेली नळी किंवा बुडालेला पाइप कापा, तोंड ओव्हरफ्लोच्या वर घ्या. प्लंबरचं तासाभराचं काम. मीटरनंतर एक नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका, आपल्या पाण्यातल्या वाळूनं तो वर्षभरात अडकतो. त्यानं तुमच्या घरातलं पाणी लाइनमध्ये जाणं थांबतं, लाइनच्या भोकातून आत येणारं नाही. बोअर आणि नळाची लाइन जोडलेली असेल तर मधला व्हॉल्व्ह बंद करून समाधान मानू नका, पाइपच काढा. पहिलं पाणी झाडांना, फरशीला. पावसाळ्यात पिण्याचं उकळा, घरात गरोदर बाई असेल तर बाराही महिने. मेडिक्लोर आणि फिल्टरवर किती विसंबायचं ते डॉक्टरांना विचारा, दुकानदाराला नाही.

आमच्या गल्लीत परवा रविवारी आम्ही सात घरांनी वर्गणी काढून गटारातले तीन नळजोड वर घेतले. पालिकेची परवानगी मागितली होती, अर्जावर इनवर्ड नंबर पडला, उत्तर नाही, म्हणून केलं. कुजलेला पाइपाचा तुकडा काकूंच्या ओट्यावर ठेवलाय. नगरसेवक येतील तेव्हा दाखवायला. चौथा नळजोड अजून गटारातच आहे, कारण ते घर म्हणतं त्यांच्याकडं कुणाला कावीळ झालेली नाही. त्यांच्या मोटरीचा आवाज मला रोज सहा वाजता ऐकू येतो.